तीन हात वर झाले की

फोटो काढणाऱ्या माणसांकडे फोटोंपेक्षा न आलेल्या फोटोंच्या गोष्टी जास्त असतात. चांगला आलेला फोटो भिंतीवर लागतो, चार लोक ‘वा’ म्हणतात, विषय संपतो. न आलेल्याचं तसं नाही. पक्षी कसा ऐनवेळी उडाला, ऊन कसं गेलं, मध्येच कोणाची म्हैस कशी आली, हे पंधरा-पंधरा वर्षं सांगता येतं. ऐकून ऐकून माझ्याकडे अशा गोष्टींचा ढीग झाला आहे. मी स्वतः कधी कॅमेरा धरला नाही. माझं काम वही धरायचं.

गट दिल्लीतल्या चार जणांचा. नाना देवधर नकाशे बनवणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते पक्ष्यांचे फोटो काढत. सुभेदार जाधव साताऱ्याकडचे, राहायला कँटोन्मेंटमध्ये. त्यांना खेळांचं वेड. रफीक शेख सोलापूरचा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर; तोही पक्ष्यांमागे, पण त्याहून जास्त लेन्सच्या मागे. आणि सुधीर, माझा नवरा. त्याला फक्त विमानं. विमानाच्या शेपटीकडच्या बाजूला नोंदणीचा नंबर असतो. सुधीर तो मोठ्याने वाचायचा आणि मी तारीख-वेळेसकट वहीत लिहायची.

महिन्यातल्या एका रविवारी सगळे नानांच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर जमत. आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड नानांच्या कॉम्प्युटरला लावायचं, एकेक फोटो मोठ्या पडद्यावर यायचा. ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. बाकीच्या तिघांपैकी ज्याला फोटो टाकाऊ वाटेल त्याने हात वर करायचा. तीन हात वर झाले की फोटो तिथल्या तिथे उडवायचा. घरी कॉपी ठेवून यायचं नाही. आणि बटण, ज्याने फोटो काढला त्यानेच दाबायचं.

हा नियम नानांचा. “नकाशात चुकीची रेघ राहिली तर माणूस नदीत जातो,” असं ते म्हणत. फोटोमुळे कोण कुठे जाणार होतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

सुधीर गेला त्याला दीड वर्ष झालं. त्याच्या कॅमेऱ्यातलं शेवटचं कार्ड माझ्याकडे होतं. त्यात एकेचाळीस फोटो, रविवार न पाहिलेले. ते नानांकडे न्यायचे की नाही, हे मला कित्येक महिने ठरवता येईना. नेले आणि तीन हात वर झाले, तर त्याचे शेवटचे फोटो गेले. नेले आणि दयेपोटी एकही हात वर झाला नाही, तर सुधीर त्यांच्यातला उरला नाही. या दुसऱ्या शक्यतेचीच मला जास्त भीती होती.

त्या महिन्यांत हे किस्से पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

*

पहिला रफीकचा.

ओखल्याच्या बांधावर तो थंडीत चार तास पालथा पडून राहिला आणि खंड्याचा फोटो घेऊन आला. चोचीत मासा, पंख उघडलेले, पाण्याचे थेंब हवेत. रविवारी फोटो पडद्यावर आला तेव्हा रफीकच्या चेहऱ्यावर ईद होती.

नानांचा हात वर.

मग जाधवांचा. मग, थोडं थांबून, सुधीरचा.

रफीकने नियम मोडला. “नाना, खंड्याचा डोळा जरासा सॉफ्ट आहे, धूसर, मान्य. लेकिन यार, चार तास! चार तास मी चिखलात पडलो होतो!”

नाना म्हणाले, “ते फोटोत दिसत नाही.”

रफीक बटणावर बोट ठेवून बसून राहिला. चहा आला, गार झाला. कोणी त्याला घाई केली नाही, कोणी ‘जाऊ दे’ही म्हणालं नाही. शेवटी त्याने बटण दाबलं आणि मला म्हणाला, “वहिनी, चहा गरम करून मिळेल का?”

परत जाताना मेट्रोत मी सुधीरला विचारलं, “तू कशाला हात वर केलास? त्याला किती वाईट वाटलं.”

“केला नसता तर जास्त वाटलं असतं,” सुधीर म्हणाला. “माझ्याकडून तरी खरं कळलं पाहिजे ना त्याला.”

*

सुभेदार जाधवांचे किस्से सांगायला गेले तर वेगळं पुस्तक होईल.

त्यांच्या युनिटची कबड्डीची फायनल होती. आठवडाभर ते सांगत होते, शेवटच्या चढाईचा फोटो असा काढतो की नाना उठून उभे राहतील. रविवारी कार्ड लागलं. सुरुवातीचे फोटो ठीक. मग शेवटच्या चढाईची वेळ आली आणि पडद्यावर एकामागून एक बावीस फोटो आले. गवताचे.

गवत, गवत, तिरकं गवत, मग एक काळा बूट.

नाना म्हणाले, “सुभेदार, हे काय?”

“माझा बूट आहे, नाना.”

“ते दिसतंय. चढाई कुठंय?”

“चढाई झाली की! आपण जिंकलो! मी नाचत व्हतो, बोट बटनावरच राहिलं.”

तीन हात एकदम वर झाले. जाधवांनी बावीस वेळा बटण दाबलं, आणि प्रत्येक वेळी हसत.

*

आणखी एक त्यांचाच. जमिनीवर लोळून फोटो काढायचा तर लेन्सखाली मऊ पिशवी लागते. बाजारात ती तयार मिळते. पण जाधवांनी जुन्या पॅन्टच्या पायाची पिशवी शिवली आणि तिच्यात राजमा भरला. ती पिशवी सगळ्यांनाच आवडली. सुलतानपूर, ओखला, भरतपूर, कुठेही निघालो की आधी विचारलं जायचं, “राजमा घेतला का?”

एका रविवारी जाधववहिनींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. नाना सहसा जेवणाबद्दल बोलत नाहीत. त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, “वहिनी, दिल्लीत चाळीस वर्षं झाली, असा राजमा कुठे खाल्ला नाही.”

जाधववहिनी वाढता वाढता म्हणाल्या, “चांगलाच असणार की. तीन वेळा भरतपूरला जाऊन आलाय.”

रफीकचा घास हातातच राहिला. नानांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा जाधवांकडे. मग उरलेला भात कालवून शांतपणे संपवला.

*

मुलगी बेंगळुरूला असते. तिला फोनवर एकदा कार्डाचं सांगितलं.

“आई, क्लाउडवर टाक ना. पाँच मिनट का काम है,” ती म्हणाली. “मग काकांना जे उडवायचं ते उडवू दे.”

एका दुपारी मी कार्ड कॉम्प्युटरला लावलंही. ‘कॉपी’वर बाण नेला. सुधीरने बावीस वर्षांत कधी कॉपी ठेवली नव्हती. उत्तम फोटो गेले, ठेवली नाही. मी कार्ड काढून पुन्हा त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत घातलं.

*

हा किस्सा मी आजवर फार कोणाला सांगितलेला नाही.

विमानतळाजवळच्या रस्त्याकडेला आम्ही उभे होतो. सुधीरच्या हातात भली मोठी लेन्स, माझ्या हातात वही. एक पोलीस शिपाई आला. कॅमेऱ्यापेक्षा त्याला वहीचा जास्त संशय आला. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, आकडे, वेळा! त्याने आम्हाला चौकीवर नेलं.

तिथले इन्स्पेक्टर वयाने आमच्याएवढेच. त्यांनी वही चाळली.

“ये सब किसलिए लिखते हैं?”

“शौक है,” सुधीर म्हणाला.

“मिलता क्या है?”

“कुछ नहीं.”

त्यांनी वही बंद केली, पण परत दिली नाही. बाहेरच्या शिपायाला चहा सांगितला. तो गेल्यावर जरा खालच्या आवाजात म्हणाले, “पिछले महीने छह तारीख का होगा इसमें? दोपहर को जो कनाडा वाला जाता है.”

मी वही मागून घेतली, पान काढलं. विमान होतं. नंबर होता, वेळ होती.

“मेरा बेटा गया उसमें,” ते म्हणाले. “ड्यूटी थी, मैं छोड़ने नहीं जा पाया. फोटो है इसका?”

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. तो फोटो मला आठवत होता. उन्हाच्या झळांनी विमान वितळल्यासारखं दिसत होतं. रविवारी तीन हात वर झाले होते.

“था,” सुधीर म्हणाला. “हटा दिया.”

“क्यों?”

“साफ़ नहीं आया था.”

इन्स्पेक्टरांनी वही पुन्हा स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, “भाईसाहब, मैं कौन-सा उसके पहिए गिनने वाला था!”

त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर उतरवून घेतला, चिठ्ठीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि आम्हाला जायला सांगितलं. चहा आलाच नाही.

सुधीरने दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मला वाटलं, आता हा रविवारची बैठक सोडणार. पुढच्या रविवारी मात्र तो गेला, आणि नानांच्या एका बगळ्यावर सगळ्यांत आधी हात त्याचाच वर झाला.

*

नानांचाही एक किस्सा आहे. तो फक्त एकच, पण पुरेसा आहे.

नजफगढच्या झिलेकाठी त्यांना सारसांची जोडी नाचताना सापडली. समोर पाणी, मागून कोवळं ऊन, मध्ये काही आडवं नाही. नानांनी पाऊण तास फोटो काढले. घरी आल्यावर कळलं, कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. ते टेबलावर, कॉम्प्युटरला लावलेलं.

रविवारी त्यांनी स्वतःच सांगितलं. पाठ ताठ, आवाज सरकारी. “माझ्याकडून चूक झाली आहे. आज माझे फोटो नाहीत.”

कोणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. शेवटी जाधव म्हणाले, “नाना, असं कसं चालंल? बैठकीला आलाय म्हंजे फोटो दाखवायला पायजेत. सांगा तुम्ही. आम्ही बघतो.”

नाना आधी चिडले. मग चष्मा काढून डोळे मिटले आणि सांगू लागले. “पहिला. नर डावीकडे. मान पूर्ण वर. मादी अजून खाली बघते आहे. पाण्यात दोघांच्या सावल्या, पण नराची तुटलेली.” असे त्यांनी तेरा फोटो सांगितले. दहाव्यात मादीने उडी मारलेली होती. अकराव्यात ती अजून हवेतच होती.

एकही हात वर झाला नाही.

रफीक अजून म्हणतो, आमच्या गटाचं प्रदर्शन भरवलं तर सुरुवातीला तेच तेरा लावायचे.

*

सुधीरला द्वारकेकडच्या रुग्णालयात ठेवलं होतं. सहावा मजला, खिडकीलगतची खाट. वारा विशिष्ट दिशेचा असला की उतरणारी विमानं त्या खिडकीवरून जात. तिसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा मागितला.

एका सकाळी मोठे डॉक्टर चार ज्युनियर घेऊन राउंडला आले. रिपोर्ट हातात, चेहरा गंभीर. ते बोलायला लागले तोच सुधीर म्हणाला, “डॉक्टर साहब, एक मिनट. ज़रा लेफ्ट हो जाइए.”

डॉक्टर बाजूला झाले. त्यांच्यामागे ज्युनियरही झाले. विमान आलं, गेलं. सुधीरने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, “हाँ, अब बताइए.”

डॉक्टरांनी सांगितलं. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत येताच मात्र त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. “आज कौन-सा आया?”

त्याचे हात थरथरत. लेन्स जड. शेवटी शेवटी मी खाटेच्या कडेला बसून ती खालून तळहातांवर धरायची आणि त्याने फक्त बटण दाबायचं. नंबर वाचणं त्याला जमेना, म्हणून तेही मीच वाचायची आणि मीच लिहायची. फोटो काढला की तो लगेच मागच्या छोट्या पडद्यावर बघायचा.

“हलला,” म्हणायचा. “रफीकचा हात वर होणार.”

“नाही होणार रे.”

“होणार. झालाच पाहिजे.”

एकेचाळीस झाले. रोज एक, असा हिशेब नव्हता. कधी एका दिवशी चार निघाले, कधी एकही नाही. एका सोमवारी वारा बदलला आणि विमानं दुसऱ्या बाजूने उतरू लागली. ती पुन्हा खिडकीवर आली तेव्हा त्या खाटेवर दुसरं कोणी होतं.

*

गेल्या महिन्यात मी कार्ड घेऊन मयूर विहारला गेले.

तिघेही होते. दीड वर्षात ते माझ्याकडे येत होते, फोन करत होते, गॅस सिलिंडरपासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं रफीकने पाहिलं होतं. पण कार्डाबद्दल कोणी एकदाही विचारलं नव्हतं. मी डबी टेबलावर ठेवली.

“सुधीरचं आहे,” मी म्हणाले. “शेवटचं. नेहमीसारखं बघा.”

नानांनी विचारलं, “कॉपी?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि कार्ड लावलं.

पहिला फोटो आला. खिडकीची काच, काचेवर धुळीचा ओघळ, पलीकडे विमानासारखं काहीतरी पांढरट.

नानांचा हात वर झाला. “काच मध्ये आली आहे. शटर स्पीड कमी. हात हलला आहे.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, बगळ्यांसाठी असायचा तसा.

जाधवांनी हात वर केला, पण पडद्याकडे न बघता. नाना म्हणाले, “सुभेदार, बघून करा.” जाधवांनी डोळे पुसले, पडद्याकडे नीट पाहिलं, आणि हात पुन्हा वर केला.

राहिला रफीक.

तो खुर्चीच्या कडेला पुढे झुकून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. “वहिनी,” तो म्हणाला, “नंबर काय होता याचा?”

मी वही उघडून नंबर वाचला. त्याने तो हळूच स्वतःशी एकदा म्हटला.

“माझ्याकडून नाही होणार, नाना.”

नानांच्या आधी मीच बोलले. “रफीक, तो म्हणाला होता, तुझा हात वर होणार. खाटेवरून म्हणायचा. झालाच पाहिजे म्हणायचा.”

रफीकने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. पूर्ण, खांद्यापासून सरळ, शाळेत करतात तसा.

त्यानंतर कोणी थांबलं नाही. एकेक फोटो येत गेला. नाना प्रत्येकाचं काय चुकलं ते सांगत गेले. विमान चौकटीबाहेर. फोकस खिडकीच्या पडद्याच्या दोरीवर. हलला. हलला. एकोणिसाव्यात फक्त आभाळ होतं. “उशीर झाला,” नाना म्हणाले. मी प्रत्येकाचा नंबर वाचत होते. मला बरं वाटत होतं आणि माझे पाय गार पडले होते, दोन्ही एकाच वेळी.

एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटोंना तीन हात.

मी उठले आणि कॉम्प्युटरपाशी गेले. माउसवर हात ठेवला. सगळे एकदम निवडता येतात, ते सुधीरने मला दाखवलं होतं.

नाना म्हणाले, “मृणाल, तू नाही.”

“मग कोण? नियम आहे, नाना.”

“नियमच सांगतोय.” त्यांनी माझ्या हाताखालून माउस काढून घेतला. “बटण ज्याने फोटो काढला त्याने दाबायचं. निकाल त्याला कळव. आला की उडवेल.”

त्यांनी कार्ड बाहेर काढलं, डबीत घातलं, झाकण नीट बसलं का ते दोनदा दाबून पाहिलं आणि डबी माझ्या हातात दिली.

मग खुर्ची फिरवून म्हणाले, “सुभेदार, तुमचं कार्ड लावा.”